दुधीचं फूल आणि मगरिबची वेळ

संध्याकाळचे सव्वासहा वाजलेत. चुलीवर कांदाभजीचं तेल तापतंय. ताटात खजूर आणि कलिंगडाच्या फोडी मांडून झाल्यात, पातेल्यातल्या सरबतात सब्जा फुगतोय. घरातली पोरं घड्याळाकडे बघतायत. आणि नेमक्या याच वेळी परसातल्या वेलावर दुधीचं पांढरं फूल उमलायला लागतं.

भोपळ्याचं पिवळं फूल सकाळचं, काकडीचंही सकाळचं. त्यांच्याकडे मधमाश्या येतात आणि आपलं काम करून जातात. दुधीचं तसं नाही. त्याचं फूल दिवस कलल्यावर उमलतं, रात्रभर राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मलूल पडतं. तोवर मधमाश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. रानात हे काम रात्री उडणारे पतंग करतात. पण गावातल्या गल्लीत, दिव्यांच्या उजेडात, ते वेलापर्यंत पोचतीलच असं नाही. मग माणसालाच हात लावावा लागतो. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पराग मादी फुलाच्या तोंडावर हलकेच टेकवायचा. दोन मिनिटांचं काम. पण ते त्याच वेळेला व्हावं लागतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, २०२५ च्या रमजानमध्ये याच दोन मिनिटांचा प्रश्न उभा राहिला.

कमरेएवढी भिंत

या गल्लीत दोन घरांची परसं पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. अलीकडच्या घरात सारी गल्ली जिला खाला म्हणते ती बाई, वय साठीच्या आसपास. पलीकडे काकू, त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. एकमेकींना मात्र त्या खाला-काकू म्हणत नाहीत. खाला त्यांना ‘वहिनी’ म्हणतात आणि काकू यांना ‘भाभी’. दोघींची लग्नं होऊन त्या या गल्लीत आल्या तेव्हापासून हे असंच चाललंय.

खालांच्या परसात कढीपत्ता, पुदिना, मिरचीची सहा रोपं, अंबाडी आणि कोपऱ्यात सब्जा. काकूंकडे कागदी लिंबाचं झाड, शेवगा, अळू आणि मध्यभागी तुळशीवृंदावन. तुळस आणि सब्जा दिसायला बहिणी वाटतात. वनस्पतिशास्त्रातही त्या एकाच कुळातल्या, एकाच गणातल्या. एक अंगणात पुजली जाते, दुसरी मजारीवर वाहिली जाते आणि उन्हाळ्यात तिचं बी दोन्ही घरांच्या सरबतात पडतं.

दुधीचा वेल नेमका कुणाचा, हे सांगणं अवघड आहे. बी काकूंचं. संक्रांतीच्या आधी ते लावलं खालांनी, आपल्या बाजूच्या आळ्यात, कारण ऊन तिकडे चांगलं. वेल सरळ भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरून काकूंच्या शेवग्याला लागला. मुळं एकीकडे, फळं दुसरीकडे. अशा वेलाला सरकारी सातबारा नसतो म्हणून बरं.

पिवळी पडणारी कळी

२०२५ मध्ये २ मार्चला पहिला रोजा झाला. फेब्रुवारीअखेरीसच वेलाला फुलं लागली होती. पण सगळी लांब देठाची, नर फुलं. नवखा माणूस ती बघून हरखतो आणि दुधी का लागत नाही म्हणून महिनाभर वाट बघत बसतो. दुधीला आधी नर फुलं येतात. मादी फूल मागून येतं, आणि तेही बहुतेक बाजूच्या फांद्यांवर. म्हणून वेल हातभर वाढला की त्याचा शेंडा खुडायचा, म्हणजे बगलफुटी येते. मादी फूल ओळखायला सोपं. फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो.

खालांनी शेंडा वेळेत खुडला होता. तिसऱ्या-चौथ्या रोज्याला मादी फुलं दिसू लागली. पण दोन दिवसांत ते बोटभर दुधी पिवळे पडून गळाले. एक गेला, दुसरा गेला.

“भाभी, पाणी कमी पडलं का?” काकूंनी भिंतीवरून विचारलं.

“पाणी नाही कमी, वहिनी. फुलाला हात लागला नाही. दरवर्षी मी संध्याकाळी फिरवते. आता त्या वेळेला मी कुठं, चुलीपुढं. अजान झाली की खजूर, मग नमाज, मग सगळ्यांची ताटं. बाहेर येईस्तोवर अंधार.”

“मग मला सांगायचं नाही का? मी त्या वेळेला तुळशीला दिवा लावायला बाहेरच असते.”

त्या दिवसापासून ठरून गेलं. दिवेलागणीला काकू तुळशीपुढे दिवा लावतात, उदबत्ती फिरवतात आणि चष्मा पुसून वेलाकडे वळतात. एक नर फूल तोडायचं, दोन मादी फुलांना लावायचं. तोवर पलीकडे मशिदीतून अजान होते आणि खालांच्या घरातला आवाज एकदम शांत होतो. सगळ्यांचे हात खजुराकडे गेलेले असतात. मार्चच्या मध्याला या भागात सूर्य साडेसहाच्या थोडा पुढे मावळतो. तुळशीचा दिवा, रोजा सोडणं आणि दुधीचं फूल, तिन्हींची वेळ एकच.

९ मार्चला, म्हणजे आठव्या रोज्याला हात लागलेली दोन फुलं गळाली नाहीत. चार दिवसांत त्यांच्या खालचा दुधी अंगठ्याहून जाड झाला. फूल धरल्यापासून बारा ते पंधरा दिवसांत कोवळा दुधी तोडायला येतो. खालांनी बोटांवर हिशेब केला. बाविसाव्या-तेविसाव्या रोज्याला दालच्या होणार.

पहाटेचं पाणी

काकू हे काम उपकार म्हणून करत नाहीत, कारण हिशेब दोन्हीकडून चालतो. गल्लीत नळाला पाणी येतं चार दिवसांआड आणि तेही पहाटे चार वाजता. एरवी काकूंना गजर लावून उठावं लागतं. मुलगा-सून नोकरीला पुण्यात. पहाटे अंधारात नळी ओढायची, टाकी भरायची, तोल सांभाळायचा, हे पासष्टीत सोपं नाही. रमजानच्या महिन्यात मात्र खाला सहेरीला उठलेल्याच असतात. साडेपाचच्या आत खाणं-पिणं उरकायचं असतं, त्यामुळे चारला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा असतो. पाण्याच्या दिवशी त्यांचा मुलगा भिंतीवरून नळी पलीकडे टाकतो आणि काकूंचे दोन्ही पिंप भरून ठेवतो.

झाडांनाही हीच वेळ मानवते. मार्चपासून दुपारी पाणी घातलं तर निम्मं वाफ होऊन जातं. पहाटे घातलेलं पाणी मुळापर्यंत उतरतं आणि दिवसभर पुरतं. वर वाळल्या पानांचा, उसाच्या पाचटाचा थर दिला की आळं दोन दिवस ओलं राहतं. खालांच्या पुदिन्याखाली नारळाच्या शेंड्या आहेत, काकूंच्या अळूखाली शेवग्याचा पाला.

खालांकडे आणखी एक सोय आहे. वुजू करायचा चौरंग त्यांनी कढीपत्त्याच्या बाजूला मांडलाय. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतलेलं पाणी छोट्या पन्हाळीतून थेट दुधीच्या आळ्यात जातं. त्यात साबण नसतो, त्यामुळे झाडाला अपाय नाही. दिवसातून पाच वेळा, घरातल्या चार माणसांचं पाणी म्हणजे वेलाची तहान बरीचशी भागते. प्रेषित मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मुद म्हणजे दोन ओंजळी, लिटरभरसुद्धा नाही. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, अशीही शिकवण आहे. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत ती शिकवण कुणाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आभाळाकडे डोळे

दोघींचं बोलणं सुरू होतं ते आभाळापासून. “आज वारं पडलंय.” “ढग दिसतायत, पण वरचेच.” “रात्री उकडलं, आता दोन दिवसांत काहीतरी होणार.” मार्चमधलं आभाळ या भागात कुणालाच नको असतं. पंढरपूर, सांगोला, पलीकडे सांगली-तासगाव, सगळीकडे द्राक्षं उतरलेली असतात आणि बेदाणा शेडवर वाळत असतो. अवकाळीचा एक शिडकावा पडला तरी बेदाण्याचा रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. ईदच्या शिरखुर्म्यातला बेदाणा या भीतीतून वाचून आलेला असतो.

परसबागेचं नुकसान तेवढं मोठं नसतं, पण जिव्हाळ्याचं असतं. शेवग्याचा फुलोरा वाऱ्याने झडतो. लिंबाचा बारीक मोहर गळतो. टोमॅटोचं दुखणं वेगळं. ऊन पस्तिशीच्या वर गेलं की त्याची फुलं फळ न धरताच गळतात. खत कितीही घाला. ज्यांना हे ठाऊक नसतं ते झाडाला दोष देतात. काकूंनी उपाय केलाय. जुन्या पांढऱ्या सुती साडीचा मांडव टोमॅटोवर बांधलाय. दुपारची धग अडते, सकाळचं ऊन मिळतं.

कोथिंबिरीचंही तेच. थंडीत ती पसरते, उन्हाळ्यात दोन पानं टाकून लगेच फुलावर येते. म्हणून आता पेरायची तर आडोशाला, लिंबाच्या सावलीत. धणे तसेच टाकायचे नाहीत. वहाणेने किंवा लाटण्याने रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग पेरायच्या. आठ-दहा दिवसांत उगवतात. मेथी त्याहून सोपी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत जुडी हातात. खालांनी पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी एका जुन्या घमेल्यात मेथी टाकली होती. तिचा घोळाणा रंगपंचमीच्या आधीच दोन्ही घरांत खाऊन झाला.

पुदिना मात्र खालांचा अभिमान. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढायची आणि पाण्याच्या पेल्यात उभ्या करायच्या. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत, अर्ध्या सावलीत लावायच्या. तोडताना मुळासकट उपटायचं नाही. पेराच्या वर कात्रीने कापायचं, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात. रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीला रोज मूठभर पुदिना लागतो आणि बाजारात याच महिन्यात जुडीचा भाव चढतो. गल्लीतल्या चार घरांचा पुदिना खालांच्या त्या एका कुंडीतून गेलेला आहे.

आणि लिंबू. उन्हाळ्यात लिंबू महाग का होतं, यावर काकू एखाद्या मास्तरासारखं बोलू शकतात. लिंबाला वर्षात तीन बहार. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पावसाळ्याच्या तोंडावर, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. उन्हाळ्यात हाताशी येणारं लिंबू हस्त बहाराचं. पण त्या बहारासाठी झाडाला आधी पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वरून पाऊस चालू असताना ताण द्यायचा कसा? म्हणून तो बहार नेहमीच थोडा. २०२२ मध्ये रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागला, तेव्हा एकेका लिंबाला दहा रुपये आणि त्याहून जास्त मोजावे लागले होते. त्या वर्षी काकूंच्या झाडावर बेताचीच लिंबं होती. रोज तीन, मोजून, भिंतीवर ठेवलेली असायची.

चालणारा महिना

रमजान बागेच्या माणसाला जितका समजतो तितका क्वचितच कुणाला समजत असेल. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. हिंदू पंचांगही महिने चंद्रावरच मोजतं. पण ऋतूशी मेळ राहावा म्हणून अधिक महिना धरतं. २०२३ चा अधिक श्रावण त्यासाठीच आला होता. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते आणि ईद मात्र कधी पावसात, कधी उन्हात, कधी थंडीत भेटते.

खालांच्या आठवणी याच हिशेबाने लागलेल्या आहेत. त्या सन सांगत नाहीत, भाजी सांगतात. २०१८ चा रमजान भर मे महिन्यातला. परसात कढीपत्त्याखेरीज काही हिरवं उरलं नव्हतं. सहेरीला वाळवलेल्या अंबाडीची भाजी आणि ताक. २०१४-१५ चे रोजे जून-जुलैतले, पावसाची वाट बघत काढलेले. इफ्तारला पहिल्या पावसावर उगवलेली तांदुळजाची पालेभाजी. २००४ ते २००६ ही तीन वर्षं दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. तेव्हा काकूंची चकली आणि खालांच्या शेवया एकाच उन्हात, एकाच बाजेवर वाळल्या होत्या. चकलीची भाजणी आणि शेवयांचा रवा वेगवेगळ्या फडक्यांवर, एवढंच.

आणि १९९२. तेव्हाही रमजान मार्चमध्येच होता. खाला नव्याने नांदायला आलेल्या, हातात थोरला मुलगा. काकूंनी दिलेलं दुधीचं पहिलं बी त्यांनी त्या वर्षी लावलं. ३३ वर्षं झाली. महिना चालत चालत सगळा फेरा करून पुन्हा त्याच उन्हात, त्याच वेलापाशी आलाय.

मधले तीन आठवडे

हे सगळं गोड वाटतं, पण सगळं गोडच होतं असं नाही. गेल्या वर्षी गावात मोबाइलवर फिरणाऱ्या कसल्याशा मजकुरावरून वातावरण बिघडलं. दोन दिवस दुकानं बंद राहिली. गल्लीत कुणी कुणाला काही बोललं नाही, पण तेच बोचणारं होतं. पोरं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागली. काकूंच्या मुलाने पुण्याहून फोन करून सांगितलं, “आई, थोडे दिवस त्या बाजूला बोलू नकोस.” खालांच्या मुलानेही घरात तेच सांगितलं होतं.

तीन आठवडे भिंतीवर कुणी आलं नाही. पण पाण्याच्या दिवशी पहाटे नळी पलीकडे टाकलेली असे. कोण टाकतं, हे कुणी विचारलं नाही. आणि भिंतीवरच्या दगडाखाली, पूर्वीसारखंच, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली दोन लिंबं असत.

मग एका सकाळी काकू भिंतीशी आल्या. बराच वेळ पलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “भाभी, तुमच्या मिरचीला बोकड्या आलाय.”

खालांनी वळून बघितलं. पानं खरंच वळली होती, होडीसारखी. मिरचीवर फुलकिडे आणि कोळी बसले की असं होतं, आणि पांढरी माशी आली की विषाणूही सोबत आणते. “कालपासून बघतेय, वहिनी. काय मारू?”

“निंबोळ्या आहेत माझ्याकडे, गेल्या जूनच्या. रात्री कुटून भिजत घाला.”

निंबोळी अर्काचं प्रमाण काकूंना पाठ आहे. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्या. कुटून, फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायच्या, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा म्हणजे औषध पानाला चिकटतं. फवारा संध्याकाळी मारायचा, पानाच्या खालच्या बाजूनेही. फार वळलेले शेंडे तोडून टाकायचे. त्या सहा रोपांपैकी चार वाचली. त्या तीन आठवड्यांविषयी दोघी नंतर काही बोलल्याचं घरातल्या कुणाला आठवत नाही. मिरचीविषयी मात्र पुष्कळ बोलल्या.

जिभेवर ठेवून बघणं

२३ मार्चला, बाविसाव्या रोज्याला, खालांनी पहिला दुधी तोडला. दुधी कोवळा आहे का, हे नखाने कळतं. साल सहज टोचली गेली की झालं. पण तो कडू नाही ना, हे जिभेलाच कळतं. उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणाने एखादा दुधी कडू निघतो, आणि कडू दुधी खाणं किंवा त्याचा रस पिणं धोक्याचं असतं. त्यातल्या कडू द्रव्याने उलट्या, जुलाब, रक्तस्रावापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणून चिरताना देठाकडचा एक तुकडा चाखायचा आणि कडू लागला तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यायचा, असा दोन्ही घरांचा नियम.

आता रोज्यात चाखणार कोण? पोरंही रोजेदार. खालांनी चकतीचा तुकडा बशीत घालून भिंतीवर ठेवला. “वहिनी, बघा जरा.”

काकूंनी तुकडा दाताखाली धरला. दोन क्षण डोळे मिटले. “गोड आहे. करा.”

दालच्या म्हणजे तूरडाळ आणि हरभराडाळ शिजवून घोटायची, त्यात चिंचेचा कोळ, आलं-लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि दुधीच्या जाड फोडी. मटण घालून करतात, तसाच नुसत्या दुधीचाही होतो. खालांनी आधी बिनमटणाचा काढला, एका वेगळ्या पातेल्यात. मीठही काकूंनीच बघितलं. “जरा कमी आहे, पण डाळ आटली की बसेल.” बसलं.

दुधीची आवड खालांच्या घरात जुनी आहे आणि त्यांना तिचा थोडा मानही वाटतो. प्रेषितांना दुधी आवडत असे. एका शिंप्याच्या घरच्या जेवणात ते वाडग्यातल्या दुधीच्या फोडी शोधून खात होते, ही हकीकत हदीसमध्ये आहे आणि घराघरात सांगितली जाते. लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, जनावराने, पाखराने खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावे ते दान म्हणून लिहिलं जातं, हीही तिथलीच शिकवण. खालांच्या शेवटच्या मिरच्या पोपट नेतात तेव्हा त्या हेच म्हणतात. मात्र म्हणता म्हणता पोपटाला हाकलतातही.

दुसरा दुधी काकूंकडे गेला. होळीनंतरच्या एकादशीला त्यांनी त्याचा हलवा केला. त्या दिवशी खालांचाही रोजा, काकूंचाही उपवास. गोडी कुणी बघायची, हा प्रश्न शेवटी समोरच्या घरातल्या सात वर्षांच्या नातीने सोडवला आणि तपासणी तीन वाट्यांपर्यंत लांबली.

बियाचा दुधी

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. ज्या अमावस्येनंतर चैत्राची प्रतिपदा येते, त्याच अमावस्येनंतरची चंद्रकोर ईदची वर्दी देते. पाडव्याच्या संध्याकाळी कोर दिसली तर ३१ ला ईद. म्हणजे सकाळी काकूंच्या गच्चीवर गुढी आणि संध्याकाळी त्याच गच्चीवर खालांच्या घरचे सगळे, पश्चिमेकडे तोंड करून. त्यांची गच्ची मोकळी असल्याने चंद्र बघायला पोरं दरवर्षी तिथेच जातात. गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी खालांच्या दारातल्या झाडाची लागते आणि शिरखुर्म्याच्या दुधात टाकायचं केशर काकूंच्या सुनेने पुण्याहून आधीच पाठवलंय.

ईद झाली की खालांच्या घरावर मजला चढायचाय. गवंडी बघून गेला. तो म्हणाला, मजल्याबरोबर मागची भिंतही पुरुषभर उंच करून घ्या. दोन घरांत आडोसा होईल, चोरांची भीती जाईल. खालांच्या मुलाला ते पटलं. काकूंच्या मुलालाही फोनवर पटलं. दोघांनी खर्च अर्धा-अर्धा ठरवलाही. यात कुणाचं काही वाईट नाही. नवं घर बांधणारा माणूस भिंती उंच करतोच.

दोघींनी विरोध केला नाही. पण परवा सकाळी काकूंनी वेलावरच्या एका दुधीला लाल दोरा बांधला. हा खायचा नाही, बियाचा ठेवायचा. बियाचा दुधी वेलावरच पिकतो, पांढरट पडतो, साल लाकडासारखी कडक होते, आणि हलवला की आत बी खुळखुळायला लागतं. त्याला दोन महिने तरी लागतात. तोवर त्याला हलवायचं नाही, वेल तोडायचा नाही, मुळाजवळ खोदायचं नाही. आणि हा दुधी नेमका भिंतीच्या माथ्यावर, दोन दगडांच्या खोबणीत बसलाय.

“अम्मी, दुसरा ठेवा ना बियाला,” खालांचा मुलगा म्हणाला. “काम अडेल.”

“पहिल्या बहराचाच ठेवतात,” खाला म्हणाल्या. “मजला चढव तू. भिंतीचं मृगानंतर बघू.”

मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. २०२५ ची बकरी ईदही साधारण तेव्हाचीच. बी तेव्हा निघेल. राखेत घोळवून, वाळवून, अर्धं काकूंच्या डब्यात आणि अर्धं खालांच्या. मग पुढं भिंत किती वाढवायची, वेलासाठी खिडकीएवढी जागा ठेवायची का, हे गवंडी आणि मुलं ठरवतील. काकूंनी मात्र गवंड्याला अजून एक विचारून ठेवलंय, की खिडकी ठेवली तर ती कमरेच्या उंचीला ठेवता येईल का.

तो म्हणाला, वेलाला कुठलीही उंची चालते.

“वेलाला चालते हो,” काकू म्हणाल्या, आणि दिवा लावायला तुळशीकडे वळल्या. सहा वाजून गेले होते. वेलावर तीन कळ्या उमलायच्या बेतात होत्या.